घट्ट बसवलेली सीट

बालगृहाच्या फाटकापाशी हृषीकेश गाडीत लहान मुलांची सीट बसवत होता. दत्तक घेतलेल्या मैनाला तो आणि त्याची बायको वैजयंती आज घरी नेणार होते. चार वर्षांची मैना जवळ येऊन बघू लागली.

“हिला का बांधताय?”

“गाडी एकदम थांबली तरी तुला लागू नये म्हणून,” तो म्हणाला.

मैनाने सीट हलवून पाहिली. “पण ही हलतेय.”

त्याने सीटवर गुडघा रोवला, वैजयंतीने जोर लावून पट्टा ओढला. मैनाने दोन्ही हातांनी पुन्हा ओढून पाहिलं. सीट जागची हलली नाही.

“मग ही काढायची कधी?”

“तू मोठी झाल्यावर,” वैजयंती म्हणाली.

मग मैना कोणी उचलायच्या आत आपणच सीटवर चढून बसली.