तीट

पडद्यावरचा लाल ठिपका गेला होता. सगळं हिरवंगार.

"झालं की नाही छान?" धनराज मंजुषाच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. "आता उरलेली अकरा मशीन उरकून घे. गोटीरामकाका चारला येतायत. त्यांना हे असंच दिसलं पाहिजे."

मंजुषाने माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

इंदिरानगरातल्या या दोन खोल्यांच्या ऑफिसातून गोटीरामकाकांच्या दिंडोरीच्या कोल्ड स्टोरेजवर लक्ष ठेवलं जायचं. द्राक्षं ठेवलेल्या प्रत्येक खोलीचा गारवा राखणारा प्रोग्राम आपापल्या कंटेनरमध्ये, म्हणजे संगणक-मशीनमधल्या स्वतंत्र कप्प्यात, चालायचा, आणि प्रत्येक मशीनवर एक पहारेकरी प्रोग्राम त्या कंटेनरांकडे बघत बसायचा. एखादा बंद पडला की पडद्यावर लाल ठिपका. मग दिंडोरीला फोन. आज हे पहारेकरी बदलायचे होते, जुन्याच्या जागी नवे. एका मशीनवर बदलायचा, तासभर बघायचं, मग दुसऱ्याला हात लावायचा, हा मंजुषाचा नेम. पहिल्याला अजून अर्धा तासही झाला नव्हता.

"सर, तीट कुठे गेली?"

तीट म्हणजे तिने पहिल्या मशीनवर मुद्दाम बंद पाडून ठेवलेला एक रिकामा कंटेनर. तो कायम बंद, म्हणून पडद्याच्या कोपऱ्यात कायम एक लाल ठिपका. ठिपका दिसतोय तोवर पहारेकरी जागा आहे, असं समजायचं. कुणी नवीन माणसाने विचारलं की शेजारच्या टेबलावरची तृप्ती सांगायची, "बाळाच्या गालाला लावतात ना, तसं."

"गेली तर गेली. डागच होता तो."

"काल तुम्हीच म्हणालात, काका येतील तेव्हा दोन तास काढून ठेव."

"म्हणालो. तू नाही म्हणालीस. विषय संपला."

"मग तुम्ही काढलीत का?"

तृप्तीचा कीबोर्ड थांबला.

"माझ्यावर आळ?" धनराज हसला, पण नुसत्या ओठांनी. "अगं, मला तिथला पासवर्ड तरी आठवतो का?"

पासवर्ड त्याच्या डायरीच्या पहिल्या पानावर होता. तिघांनाही ते माहीत होतं.

पहारेकऱ्याला न विचारता मंजुषाने थेट मशीनलाच विचारलं. एक एक नाव खाली उतरत गेलं, ती फक्त तीटच शोधत होती. तीट तिथेच होती. जशी ठेवली तशी.

"चुकलं माझं, सर," ती हळू म्हणाली. "कुणी काढलेली नाही. तीट आहे, आणि बंदच आहे."

"मग झालं तर."

"ती बंद आहे, आणि नवा पहारेकरी म्हणतोय सगळं चालू आहे."

धनराजने पडद्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. "नवीन आहे. एखादी गोष्ट नसेल दिसली त्याला. बाकीचं दिसतंय ना?"

"त्याला काय काय दिसत नाही ते मला कसं कळणार? दिसलं नाही की तो हिरवं दाखवतोय."

"हे बघ, काकांच्या आणखी सहा खोल्या आपल्याकडे येतायत. लाल बघून माणूस बिचकतो. आत्ता राहू दे. ते गेले की घाल जुना परत."

"आणि तोवर एखादी खोली तापली तर?"

"तास-दोन तासांत काय होतंय?"

मंजुषा नवा पहारेकरी उतरवायला लागली होती.

तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या. गोटीरामकाका वेळेआधीच आले होते, हातात द्राक्षांची पेटी. "रस्ता मोकळा मिळाला," ते म्हणाले आणि पेटी तृप्तीच्या टेबलावर ठेवली. "धुऊन खा गं."

धनराजने त्यांच्यासाठी खुर्ची मांडली, पडद्याकडे पाठ होईल अशी. काकांनी खुर्ची उचलली, फिरवली आणि बसले.

"मी कोंबड्यांकडं बी पाठ करून बसत नाय," ते म्हणाले.

पडद्यावर पहिल्या मशीनच्या खोल्या करड्या झाल्या होत्या. जुना पहारेकरी परत जागेवर येत होता. एक खोली हिरवी झाली, मग दुसरी. मग कोपऱ्यात लाल ठिपका.

"हे लाल काय हाय?"

धनराजने तोंड उघडलं. मंजुषा आधी बोलली.

"तीट आहे, काका. मुद्दाम लावलेली. ती दिसते तोवर बाकीच्या हिरव्यावर विश्वास ठेवायचा. मघाशी दिसेनाशी झाली, म्हणून मी नवं सगळं काढून जुनं घातलंय."

धनराज काकांच्या तोंडाकडे बघत होता.

"बरं केलंस," काका म्हणाले. "बागेच्या कडंला मी बी जुनी चप्पल टांगलीये. लय देखणं दिसायला लागलं की मलाच शंका येते."

धनराजने श्वास सोडला. "तेच तर. चहा सांगू ना, काका?"

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि पडद्यापाशी वाकले.

"पण पोरी, तीट एकाच गालाला लावतात ना?"

पहिल्या ठिपक्याखाली दुसरा उमटला होता. शेजारी अक्षरं आली. खोली क्रमांक तीन. बंद पडून वीस मिनिटं.

मंजुषाने दिंडोरीचा नंबर केव्हाच लावला होता. धनराजने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. वीस मिनिटांपूर्वी सगळं हिरवंगार होतं.