दुसरा बोळा

राजाजीनगरच्या सभागृहात मी अकरा वर्षं नव्या स्वयंसेवकांना प्रथमोपचार शिकवतेय. त्या रविवारी जमिनीवरच्या रबरी पुतळ्याला तोंडाने श्वास द्यायचा सराव चालला होता. एकाचं झालं की मी स्पिरिटच्या बोळ्याने पुतळ्याचे ओठ पुसायचे, मग पुढचा बसायचा. मारतहळ्ळीहून आलेले चार इंजिनिअर त्याचं नाक दाबायला विसरले. फुंकून फुंकून दमले, पण पुतळ्याची छाती ढिम्म हलली नाही. मग मुनिरत्नम्मा गुडघ्यांवर बसली. रोज सकाळी आमचा रस्ता झाडते ती. तिच्या दोन्ही श्वासांना छाती छान वर आली. “शाबास!” मी म्हणाले, ओठ पुसले, बोळा टाकला, आणि दुसरा बोळा घेऊन परत पुसले. हात आपोआप गेला, असं मी अजूनही स्वतःला सांगते. कुणाच्या लक्षात आलं नसेल, असं वाटलं होतं. जेवणानंतर परीक्षा होती. तिच्या श्वासांना छाती पुन्हा तशीच वर आली. मी हात पुढे करायच्या आत तिनेच बोळा उचलून पुतळ्याचे ओठ पुसले. मग दुसरा उचलला आणि परत पुसले, पार कोपऱ्यांपर्यंत. “बाकीच्यांनंतर एकदा, माझ्यानंतर दोनदा,” पाठ केलेला धडा म्हणून दाखवावा तसं ती कन्नडमध्ये म्हणाली. आवाजात राग नव्हता. “सरी ना, अक्का?” बरोबर ना, असं तिने विचारलं. मी मान खाली घातली आणि तिला दहापैकी दहा गुण दिले.