कडी नसलेलं दार

"बरं, निघतो मग," असं केळुसकर चौथ्यांदा म्हणाले, आणि चौथ्यांदाही दार हललं नाही.

या दाराला कडी नव्हती, मूठ नव्हती. समोरच्या माणसाला मनापासून जायचं असेल तरच ते उघडायचं, आणि ती इच्छा मनातून जाईपर्यंत मिटायचं नाही. केळुसकर बूट घालून अर्धा तास दारातच गप्पा मारत होते.

"काय डोकं लावलंय या दारवाल्या कंपनीनं," वामनराव वैतागले. "आपल्याकडे पाहुणा निघतो म्हणाला की लगेच निघतो का? साधी कडी होती तेच बरं होतं."

आत त्यांच्या बायकोची, शरयूची, पोळी करपली. आधी चहा, मग पोहे, मग पुन्हा चहा; दुपारपासून ती ओट्याशी उभी होती. पिठाच्या हातांनीच ती तणतणत बाहेर आली.

"सरका बाजूला. त्यात अवघड काय आहे? असं समोर उभं राहायचं आणि..."

वाक्य पुरं व्हायच्या आत दार सताड उघडलं.

केळुसकर मान खाली घालून भराभर जिना उतरले. शरयू आत गेली. पोळपाटाचा आवाज सुरू झाला, तरी वामनराव दाराकडे बघत उभेच होते. ते मिटत नव्हतं.