जाळीखालचं पाणी

बाथरूमच्या जाळीखाली नेहमी दोन इंच पाणी साठून राहतं. गटाराचा वास तेच अडवतं. एकट्या राहणाऱ्या बाबांच्या घरात वास सुटला होता, म्हणून मी टॉर्च मारला. तळ कोरडा होता.

“लाइन तुंबलीय सोसायटीची,” बाबा दारातून म्हणाले. माझ्याकडे राहायला यायचं ते वर्षभर टाळत होते.

ते पाणी आटायला तीन-चार आठवडे लागतात, तेही कुणी तिथे तांब्याभर पाणी सांडलं नाही तर.

“बाबा, आंघोळ कधी केलीत?”

“रोज करतो! आता त्याचीही परीक्षा घेणार का, मास्तरीणबाई?”

मी मगभर पाणी जाळीत ओतलं. ओल्या फरशीकडे बघत बाबांनी चौकट घट्ट धरली.

“पाय घसरेल असं वाटतं गं,” ते हळूच म्हणाले. “मला घेऊन चल तुझ्याकडे.”