सहीपुरता प्रशिक्षक

अठरा वर्षं मधल्या फळीत धावून गुडघे झिजवलेल्या रोदियोन सावेल्येविचने परीक्षा देऊन प्रशिक्षकाचा परवाना मिळवला. व्होल्गाकाठच्या एका फुटबॉल क्लबने त्याला मुख्य प्रशिक्षक नेमलं. पहिल्याच दिवशी संचालक म्हणाला, "संघ मालकांचा जावई निवडेल. त्याच्याकडे परवाना नाही, म्हणून नाव तुमचं. तुम्ही फक्त सही करायची."

हंगामभर रोदियोन बाकावरून ओरडत राहिला, "अरे, मधली फळी उघडी पडलीय!"

जावई किरिल हसायचा. "आजोबा, चहा घ्या, गार होतोय."

संघ खालच्या विभागात घसरला. खराब निकालांचा ठपका ठेवून रोदियोनला काढून टाकलं.

"यात माझा एक तरी निर्णय होता का हो?"

"सह्या तुमच्याच आहेत ना, रोदियोन सावेल्येविच?" संचालकाने आणखी एक कागद पुढे सरकवला. "जाता जाता एवढं करा. किरिलला परवान्याच्या परीक्षेला बसायचंय. तुमच्या हाताखाली तो काय शिकला, ते लिहून द्या."

रोदियोनने लिहिलं, 'माझ्याकडून काहीही शिकला नाही. सगळे सामने स्वतःच्याच बुद्धीने हरला.'

आणि त्या हंगामात पहिल्यांदाच त्याने मनापासून सही केली.