बिनआवाजाची सायकल

ताराचंदची नवी इलेक्ट्रिक सायकल जराही आवाज करत नसे. म्हणून गल्लीतून जाताना तो स्वतःच तोंडानं हातमागाचा आवाज काढायचा, "खटक्-खट, खटक्-खट!" सून दामिनी लाजेनं अर्धी व्हायची.

"बाबा, लोक हसून राहिले. घंटी वाजवा ना!"

"शेजारच्या गोदूबाईले दिसत नाही वं. घंटी वाजवली का कुल्फीवाला समजून थेट सायकलसमोरच येते."

सोमवारी मे महिन्याच्या नागपुरी उन्हात ताराचंद कॅरिअरवर गव्हाचं पोतं लादून, अख्खी गल्ली सायकल ढकलत आला. घामानं नुसता निथळत होता.

"बाबा, बॅटरी संपली काय?"

बॅटरी फुल्ल होती. ताराचंदनं मुकाट्यानं आपल्या बसलेल्या घशाकडे बोट दाखवलं.