बरे व्हावेत म्हणून

घंटी वाजवून घड्याळजी दारात उभा राहिला आणि वाटेत पाठ केलेलं वाक्य त्याने पुन्हा एकदा मनात म्हणून घेतलं. 'मावशी, चूक माझी आहे.' इनमिन चार शब्द. पण आतून वॉकरची ठकठक जवळ येऊ लागली, तसा त्यातला एकेक शब्द गळायला लागला.

दार उघडायला मावशी स्वतः आली. सिनेगॉगमधल्या, तोरा या ज्यू धर्मग्रंथाच्या कपाटाचा मखमली पडदा हिच्या हातचा, म्हणून लहानथोरांची ती शिवणमावशी. दोन वर्षं आजारी होती. आज मात्र केस विंचरलेले होते आणि गाऊनला इस्त्री होती.

"ये, संपादकसाहेब," ती म्हणाली. "आज इकडे वाट चुकलास वाटतं?"

ते खरंच होतं. घड्याळजीचं दुकान तिथून दोन गल्ल्या पलीकडे. घड्याळं दुरुस्त करता करता गेली अकरा वर्षं तो समाजाचं चार पानी पत्रक काढायचा. दर शुक्रवारी. प्रार्थनेच्या वेळा, पुण्यतिथ्या, हिब्रूचे वर्ग, सहलीची बस कुठून सुटणार, कुणाकडे पाळणा हलला. आणि शेवटच्या पानावर 'बरे व्हावेत म्हणून' अशी यादी. त्यात आजाऱ्यांची नावं, रिवाजाप्रमाणे प्रत्येकाच्या आईच्या नावासकट. शनिवारी सकाळी तोरा वाचताना ही यादीही वाचली जायची आणि सगळे आमेन म्हणायचे.

या शुक्रवारी घड्याळजीला नातीचं लग्न ठरल्याची बातमी टाकायची होती, फोटोसकट. होणारा नातजावई सहा फुटी. फोटो कापावा तर नेमकं त्याचंच डोकं जात होतं. एक ओळ कमी पडत होती. यादीत सगळ्यात जुनं नाव मावशीचं, तेच त्याने उडवलं. पुढच्या आठवड्यात टाकू परत, देवाला काय पत्रक वाचून कळतं, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

शनिवारी नऊच्या जागी आठ नावं वाचली गेली. आमेन झालं. एकाचीही मान वळली नाही. भर सभागृहात घड्याळजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं आणि त्या रात्री त्याच्या डोळ्याला डोळा लागला नाही.

"मावशी..." त्याने सुरुवात केली.

"आधी हे घे." तिने गाऊनच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. "पुढच्या अंकासाठी."

अक्षर थरथरतं होतं, पण ओळी शिवणीसारख्या सरळ. 'दोन वर्षे माझ्या प्रकृतीसाठी प्रार्थना करणाऱ्या सर्वांचे मनापासून आभार. आता मी पूर्ण बरी आहे. पुढच्या रविवारी दुपारी चार वाजता सर्वांनी माझ्या घरी चहाला यावे.'

घड्याळजीच्या पायाखालची जमीन सरकली. यादीत नाव दिसलं नाही म्हणून म्हातारी स्वतःला बरी समजून बसली होती! वर इस्त्रीचा गाऊन घालून!

"मावशी, तुम्ही बऱ्या झालात म्हणून नाव गेलं नाही," तो घाईघाईने म्हणाला. "नाव मी काढलं. फोटोला जागा होत नव्हती. चुकलो मी."

"पाहिला फोटो. पोरगा ताडमाड आहे. तुझ्या नातीला त्याच्याशी भांडायला स्टूल लागेल." मावशी वॉकरवर रेलली आणि थोडा वेळ नुसता श्वास घेत राहिली. "अरे, गुरुवारीच डॉक्टर येऊन गेले. पुढचा वाढदिवस धरू नका म्हणाले. माझी तब्येत मला कळत नाही होय?"

"मग हे?"

"दर शनिवारी तुम्ही माझ्यासाठी आमेन म्हणता. मनापासून म्हणता, मी नाही म्हणत नाही. पण या दोन वर्षांत या खोलीत कोण आलं, सांग बरं. आजाऱ्याला आराम पडू दे, उगाच त्रास नको, असं म्हणत सगळे लांबूनच. बऱ्या झालेल्या बाईकडे माणसं येतात रे चहाला."

एका ओळीची लाज घेऊन घड्याळजी इथवर आला होता. ती आता त्याला फार स्वस्त वाटायला लागली. दोन गल्ल्या. रोज दुकान बंद करून घरी जाताना तो याच इमारतीखालून जायचा, आणि वर बघायचाही नाही.

"पण मावशी, हे खोटं छापायचं कसं?"

"परवा छापलंस तसंच."

त्याने शर्टच्या खिशातून पेन काढलं.

"खाली एक ओळ वाढव," ती म्हणाली. "लिफ्ट चालू आहे, असं लिही. नाहीतर लोकांना तेवढंच निमित्त पुरतं."

कागद भिंतीला टेकवून त्याने लिहिलं. मग टोपण लावलं, घडी नीट केली आणि तरी तो तिथेच घुटमळला. आत पलंगाशेजारी एक रिकामी खुर्ची होती.

"रविवारपर्यंत कशाला थांबायचं, मावशी?" तो म्हणाला. "आजच बसतो की थोडा वेळ."

"आज नको," मावशीने हळूहळू वॉकर वळवला. "आज मी आजारी आहे."